मतलई

शाळेत भूगोलाच्या तासाला एक व्याख्या आपण सगळ्यांनीच पाठ केलेली असते. दिवसा समुद्रावरून जमिनीकडे वाहतात ते खारे वारे आणि रात्री जमिनीवरून समुद्राकडे वाहतात ते मतलई वारे. या उत्तराला दोन गुण असायचे आणि मला ते नेहमी मिळाले. पण ‘मतलई’ म्हणजे नेमकं काय, हे गुरुजींनी कधी सांगितलं नाही आणि मी कधी विचारलं नाही. त्याचा उलगडा मला वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी झाला. तोही विषुववृत्ताच्या दक्षिणेला, आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, एका लहानशा शिडाच्या होडीत. आज त्या प्रवासाची हकिगत आपल्याला सांगायची आहे.

माझे अब्बा तांडेल होते. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीकाठच्या गावातून कौलं, लाकूड, सुकी मासळी आणि मोसमात आंबा असा माल घेऊन त्यांचा शिडाचा मचवा मुंबईला जायचा. पहाटेच्या मतलईवर खाडीबाहेर पडायचं आणि दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर पुढचं बंदर गाठायचं, असा त्यांचा हिशेब. मी तेरा वर्षांचा असताना मे महिन्याच्या सुट्टीत त्यांनी मला एकदा बरोबर नेलं. मुंबईचा धक्का येईपर्यंत मी ओकत पडून होतो. अब्बा रागावले नाहीत. परतीच्या वेळी एका गाववाल्याच्या सोबतीनं मला एस.टी.त बसवून दिलं, एवढंच. पुढल्याच वर्षी, १९८२ साली, त्यांनी मचवा विकला. ट्रक आणि इंजिनाच्या बोटी यांच्यापुढे शिडाचं काही चालेना. मी मात्र मनातल्या मनात सुटलो होतो. आता कुणी मला समुद्रावर नेणार नव्हतं.

मी बी.ए. झालो. कविता लिहू लागलो. मराठीत लिहिणं ही माझी काही भूमिका नव्हती. घरात जी बोली, शाळेत जी भाषा, तीतच लिहिणार ना माणूस! पण प्रत्येक संमेलनात कुणीतरी पाठीवर हात ठेवून म्हणायचंच, ‘मुसलमान असून किती छान मराठी लिहिता हो!’ त्या ‘असून’चं ओझं पुढं बरीच वर्षं वाहिलं. त्यापायी मी एक चूक केली. माझी मराठी शुद्ध आहे हे दाखवण्याच्या नादात कवितेत ‘नौका’ आली, ‘सागर’ आला, ‘क्षितिज’ तर ओळीआड आलं. अब्बांचा मचवा आला नाही, परबाण आली नाही, नाखवा आला नाही. ते शब्द मला एका खाडीपुरते, अडाणी वाटायचे. अब्बांना एकदा मी एक कविता वाचून दाखवली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली आणि विचारलं, ‘नौका आहे ती कुठल्या बांधणीची? शीड किती तिला?’ मला हसू आलं. मी उत्तर दिलं नाही. २००६ साली अब्बा गेले.

कोकणातली मुसलमान माणसं पोटापाण्यासाठी आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर फार पूर्वीपासून जात आली. केनियातल्या मोंबासा शहरात त्यांची जुनी वस्ती आहे. माझ्या अम्मीचे मामू तिथलेच झाले. त्यांच्या घरच्या एका लग्नासाठी २०१० च्या फेब्रुवारीत मी मोंबासाला गेलो. लग्न आटोपलं आणि हाताशी आठवडाभर उरला. मामूंचा नातू म्हणाला, ‘भाय, चला, तुम्हाला लामू दाखवतो. तिथून होडीनं बेटं फिरू.’ होडी म्हटल्यावर माझ्या पोटात गोळा आला. पण बेचाळिसाव्या वर्षी पाव्हण्याच्या घरी ‘मला समुद्र लागतो’ असं सांगायची लाज वाटली.

लामू हा केनियाच्या उत्तर किनाऱ्यालगतचा बेटांचा पुंजका. लामू, मांडा, पाते, किवायू ही त्यातली मोठी नावं. बसनं मोकोवेच्या धक्क्यापर्यंत जायचं आणि तिथून बोटीनं पलीकडे. लामूचं जुनं गाव प्रवाळाच्या दगडात बांधलेलं आहे. युनेस्कोनं २००१ साली त्याला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून गाढव आलं तर आपण भिंतीला चिकटायचं. ओझी वाहायला गाढवं आणि गावाबाहेर जायला होड्या.

आमची होडी पंचवीस-एक फुटांची असेल. एक डोलकाठी, तिच्यावर तिरकी लांबलचक परबाण आणि एकच तिकोनी शीड. इंजिन नाही. नाळेच्या दोन्ही बाजूंना लाकडी चकत्यांचे डोळे बसवलेले. वाळूच्या पेटीत ठेवलेली कोळशाची शेगडी हे स्वयंपाकघर. माणसं तीन : साठी ओलांडलेले नाखवा, त्यांचा भाचा आणि एक पोरगा. वडीलधाऱ्यांना तिथे ‘शिकामू’ म्हणतात आणि ते ‘मराहाबा’ म्हणून उत्तर देतात. मी शिकामू केलं. नाखव्यांनी मराहाबा म्हटलं आणि माझ्या चेहऱ्याकडे पाहून मला डोलकाठीच्या मागे, जिथे होडी सर्वांत कमी हलते, तिथे बसवलं. माणूस समुद्राला भितो हे त्यांनी न विचारता ओळखलं होतं.

नांगर उचलताना भाचा ओरडला, ‘नांगा!’ मी चमकलो. मामूंच्या नातवाला विचारलं, ‘काय म्हणाला तो?’ ‘नांगा म्हणजे नांगर, भाय.’ मग मला चाळाच लागला. सुकाणूकडे बोट दाखवलं. उत्तर आलं, ‘उसुकानी’. आपण बसलोय त्या होडीला काय म्हणता? ‘मशुआ’. म्हणजे आपला मचवा! आणि या मचव्याचा जो मालक, जो शीड आणि सुकाणू सांभाळतो तो? नाखव्यांनी स्वतःच्या छातीवर हात ठेवला. ‘नाहोधा.’

श्रोतेहो, स्वाहिली भाषेत आपल्या ओळखीचे शब्द पुष्कळ आहेत. साखरेला सुकारी, साबणाला साबुनी, हिशेबाला हेसाबू, बंदराला बंदारी, पैशाला पेसा, गाडीला गारी. काही अरबीतून दोन्हीकडे गेले, काही फारसीतून, काही हिंदुस्थानातून तिकडे. कुठला कुठून निघाला हे भाषापंडित सांगतील. पण ते शब्द वाहून कुणी नेले? पंडितांनी नव्हे. ते खलाशांनी नेले. मोसमी वाऱ्यांवर येणारी-जाणारी गलबतं कापड, भांडी, खजूर, लाकूड घेऊन फिरत. शब्द हा त्यातला बिनभाड्याचा माल. मला अडाणी वाटणारे अब्बांचे शब्द एका खाडीचे नव्हतेच. ते अख्ख्या समुद्राचे होते.

फेब्रुवारीत तिकडे ईशान्येचा वारा असतो. त्याला ‘कास्काझी’ म्हणतात. एप्रिलनंतर तो उलटतो आणि दक्षिणेचा ‘कुसी’ सुरू होतो. आम्हाला जायचं होतं उत्तरेला, म्हणजे वाऱ्याच्या तोंडावर. शिडाची होडी वाऱ्यात सरळ घुसू शकत नाही. ती तिरकी डावीकडे जाते, तिरकी उजवीकडे जाते, अशी नागमोडीनं पुढे सरकते. आणि प्रत्येक वळणाला ती अवजड परबाण डोलकाठीच्या पुढून पलीकडे न्यायची, शीड फिरवायचं, वाळूच्या गोण्या या कडेच्या त्या कडेला टाकायच्या. भाचा आणि पोरगा हे काम एका शब्दाशिवाय करत होते. होडी फार कलली की पोरगा बाहेर काढलेल्या फळीवर जाऊन बसे. त्या एका पोराच्या वजनानं होडी सावरत होती. अब्बांबरोबरच्या त्या प्रवासात मी डोळे मिटून पडलो होतो. त्यांना हे करताना मी पाहिलंच नव्हतं.

लामूहून पातेला जाताना मांडा बेट आणि मुख्य जमीन यांच्यामधून एक चिंचोळा मार्ग आहे, मकांडा नावाचा. दोन्ही बाजूंना कांदळवन. भरतीलाच तिथून होडी जाते. आमची वेळ चुकली, आणि ती माझ्यामुळे चुकली. सकाळी बाजारात मी रेंगाळलो होतो. ओहोटी लागली, होडीचा तळ चिखलाला टेकला आणि आम्ही अडकलो. बघता बघता पाणी गेलं. उरली फक्त कांदळाची उघडी मुळं, खेकडे आणि ऊन.

मी वरमून माफी मागितली. नाखवा म्हणाले, ‘हाराका हाराका हाइना बाराका.’ घाईघाईत बरकत नसते, अशी त्यांच्याकडची म्हण. बोलणी न देता त्यांनी शिडाची सावली केली. पोरानं शेगडी पेटवली. नारळाच्या दुधातला भात आणि तळलेली मासळी ताटात आली तेव्हा वाटलं, हे तर आमच्याच घरचं जेवण. पुढचे पाच-सहा तास करण्यासारखं काहीच नव्हतं. नाखव्यांनी विचारलं, ‘तुझे वडील काय करायचे?’ मी सांगितलं. त्यांनी पुढचा प्रश्न केला, ‘त्यांचा मशुआ केवढा होता? शीड किती?’

अब्बांचा प्रश्न जसाच्या तसा माझ्यापुढे आला. मला एवढंच आठवत होतं की शीड मळकं होतं. एक होतं की दोन, ते सांगता येईना. ज्या मचव्यावर आमचं घर चाललं, माझी फी भरली गेली, त्याचं शीड मी मोजलं नव्हतं. मी मान खाली घातली. नाखव्यांनी पुन्हा विचारलं नाही. संध्याकाळी पाणी चढलं, होडी हलकेच उचलली गेली आणि आम्ही निघालो.

पाते बेट एके काळी फार श्रीमंत. तिथल्या गावापर्यंतसुद्धा होडी भरतीलाच पोचते, म्हणून आम्ही मतांगावांडाच्या धक्क्यावर उतरून पायी गेलो. जुन्या वाड्यांच्या प्रवाळी भिंती पडल्या आहेत. चिनी मातीची भांडी मांडायचे कोनाडे रिकामे. भिंतींच्या मधल्या जागेत लोक तंबाखू लावतात. याच पडक्या वैभवावर सय्यद अब्दल्ला बिन अली बिन नासिर या कवीनं एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ‘अल्‌-इंकिशाफी’ नावाचं काव्य लिहिलं. आपल्याच मनाला समोर बसवून तो विचारतो की बाबा रे, हे सगळं गेलं, तू कशाला चिकटून राहिला आहेस?

याच बेटावरची दुसरी कवयित्री म्हणजे म्वाना कुपोना. १८५८ साली आजारपणात तिनं आपल्या मुलीसाठी शंभरेक कडव्यांचं काव्य रचलं. धर्माचं वागणं, घरचं वागणं, माणसांशी बोलणं, आई लेकीला जे सांगेल ते. स्वाहिली साहित्यात ते आजही मानानं घेतलं जातं. ही सगळी काव्यं लिहिली अरबी लिपीत, पण भाषा स्वाहिली. नमाज अरबीत आणि आईचं बोलणं आपल्या भाषेत, यात त्यांना काही विसंगत वाटलं नाही. ‘मुसलमान असून स्वाहिलीत लिहिता?’ असं त्या बेटांवर कुणी कुणाला विचारलं तर लोक हसतील. मला आपल्या शेख महंमदांची आठवण झाली. सतराव्या शतकात ‘योगसंग्राम’ लिहिताना त्यांना तरी हा प्रश्न कुठे पडला होता? त्या पडक्या भिंतीच्या सावलीत ते ‘असून’ माझ्या पाठीवरून उतरलं. आता कुणी तसं म्हटलं तर मी नुसता हसतो.

पातेहून सियू, मग फाझा आणि शेवटी किवायू. प्रत्येक ठिकाणी पोचण्याची वेळ भरती आणि वारा ठरवणार. सकाळी पोचू म्हणावं तर संध्याकाळ व्हायची. पहिले दोन दिवस मी घड्याळ बघत होतो. तिसऱ्या दिवशी ते पिशवीत टाकलं. एक गोष्ट मात्र माझ्याही नंतर लक्षात आली. मला समुद्र लागला नव्हता. मकांडाच्या चिखलानंतर मी पडून राहिलोच नाही. दोर धरायला शिकलो, एकदा नाखव्यांनी सुकाणूही हातात दिलं. वाऱ्याचा जोर हाताला कळतो तेव्हा पोटाला भ्यायला सवड नसते.

किवायू हे लांबट, निमुळतं बेट. एका अंगाला उघडा महासागर, दुसऱ्या अंगाला शांत पाणी, मध्ये वाळूची टेकडी. या भागातलं पाणी १९७९ पासून संरक्षित आहे. समुद्री कासवं इथे अंडी घालायला येतात. कासवाला तिथे ‘कासा’ म्हणतात, हे ऐकून मला आमच्या जिल्ह्यातलं वेळास आठवलं. रात्री वाळूवर झोपलो. पहाटे अजून अंधार असताना गालाला वारा लागला. कास्काझीसारखा दांडगा नव्हे, अगदी हळुवार. नाखवा वजू करून उभे होते. मी हातानंच विचारलं, हा कुठला वारा? ते म्हणाले, ‘मतलाई.’

मी उठून बसलो. माझा पहिला विचार पोपटपंचीचा होता. हे चुकतंय, कारण मतलई जमिनीवरून येतो आणि हा तर समुद्रावरून येतोय! मी तसं सांगितल्यावर नाखव्यांनी पूर्वेकडे हात केला. तिथे उजाडू लागलं होतं. ‘सूर्य उगवतो तिकडून येतो तो मतलाई,’ ते म्हणाले. ‘तिकडे जमीन असो की पाणी.’

तेव्हा कुठे तो शब्द उघडला. अरबीत ‘मतला’ म्हणजे उगवण्याची जागा. आपल्या कोकणात उगवतीला जमीन आहे, म्हणून आपला मतलई जमिनीवरून येतो. त्यांच्या उगवतीला समुद्र आहे, म्हणून त्यांचा मतलाई समुद्रावरून येतो. वाऱ्याला नाव ठेवणाऱ्या खलाशानं जमीन पाहिली नव्हती, सूर्य पाहिला होता. आणि आम्ही कवी मंडळी गझलेच्या पहिल्या शेराला काय म्हणतो? मतला! गझल जिथून उगवते तो शेर. मी वीस वर्षं मतला लिहीत होतो आणि अब्बा आयुष्यभर मतलईवर शीड सोडत होते. आम्ही दोघं एकच शब्द वापरत होतो, हे मला त्या घरात कधी कळलं नाही. कळलं ते ते गेल्यावर चार वर्षांनी, परक्या नाखव्याच्या तोंडून. त्या पहाटे नमाजानंतर मी जो रडलो, त्याचं कारण मामूंच्या नातवाला अजून ठाऊक नाही. त्याला वाटलं, वाळू गेली डोळ्यात.

परतीला कास्काझी पाठीशी होता. जाताना लागलेल्या वेळाच्या निम्म्यात आम्ही लामू गाठलं.

तो प्रवास आज तसाच करता येईल, असं मी म्हणणार नाही. २०११ साली त्या भागात परदेशी प्रवाशांची अपहरणं झाली. पर्यटक येईनासे झाले. पुढे काही काळ रात्रीच्या मासेमारीवरही बंदी होती, त्यात गरीब कोळी भरडले गेले. लामूसमोर मुख्य भूमीवर मोठं बंदर उभं राहिलं आणि मे २०२१ मध्ये तिथे पहिलं मालवाहू जहाज लागलं. बंदरं हवीत, त्यानं पोरांना काम मिळेल. पण ज्याच्या घरचं शीड ट्रकनं उतरवलं, त्याला अशा बातमीतला दुसरा भागही दिसतो.

गावी परतल्यावर मी शंभर पानी वही घेतली आणि अब्बांच्या बरोबरीच्या एका म्हाताऱ्या खलाश्याकडे जाऊन बसलो. मचव्याचा एकेक भाग, एकेक दोर, एकेक वारा लिहून घेतला. ते मध्येच थांबत, डोळे मिटत आणि एखादा शब्द खोल पाण्यातून वर यावा तसा सांगत. माझ्या त्यानंतरच्या कवितांत हे शब्द आले. काही वाचकांनी तळटीप मागितली. ती मी आनंदानं दिली.

सगळं लिहून झाल्यावर शेवटी भीत भीत त्यांना विचारलं, ‘चाचा, अब्बांच्या मचव्याला शीड किती होती?’

‘दोन,’ ते म्हणाले. ‘मोठं पुढं, लहान मागं. लहान शीड तुझ्या अम्मीच्या हाताने शिवलेलं होतं. तुला ठाऊक नाही?’

मला ठाऊक नव्हतं. आता आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)